फेणीची भट्टी मोठी करताना : आच, वाफ आणि पाणी

काजूच्या बोंडवांचा निरो आंबताना त्याला आच लागत नाही. आचेचा प्रश्न उभा राहतो तो भाणात. घरच्या भट्टीवर जाळ किती हवा हे चालवणाऱ्याच्या हाताला कळते. लाकूड मागे ओढले की भागते. अबकारी परवान्यासह चार-पाच भाणे एकाच वेळी चालवायची ठरली की हा हात पुरत नाही. तेव्हा बहुतेक जण मोठी शेगडी विकत घेतात. चूक तिथेच होते.

साधा हिशेब पाहावा. १०० लिटर आंबलेला निरो ३० अंशांवरून उकळीला आणण्यास सुमारे ७ युनिट विजेइतकी उष्णता लागते. त्यातून ३० लिटर हुर्राक काढायचा तर वाफ करण्यासाठी आणखी सुमारे १५ युनिटे हवीत, म्हणजे तापवण्याच्या दुप्पट. ही दुसरी उष्णता पुढे थंड पाण्याला सोसावी लागते. पाणी २० अंशांनी तापू द्यायचे ठरवले तर साडेसहाशे लिटरांच्या आसपास पाणी लागेल, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा विहिरी खाली गेलेल्या असतात. शेगडी दुप्पट केली आणि थंडाव्याची सोय तीच ठेवली, तर न थिजलेली वाफ नळीच्या तोंडाशी येते. शेजारी उघडी ज्वाळा असेल तर ती पेट घेते.

लाकडाची आच स्वस्त, पण पटकन कमी होत नाही. आच चढली की भाण फेसाळून उतू जाते आणि गढूळ निरो थेट लावणीत उतरतो. गॅसची आच झडपेने आवरते; ज्वाळेचा धोका मात्र राहतो. विजेच्या कांबी भाणात बुडवल्या तर ज्वाळा नसते, पण बोंडवांचा गाळ त्यांवर करपतो व वास फेणीत उतरतो. शिवाय त्या भाराला तीन फेजची जोडणी लागते.

अनेक भाणे असल्यास वाफ बरी. सुरतेजवळच्या कडोदरा भागातील कापड रंगवणाऱ्या कारखान्यांत बॉयलर एका बाजूला असतो आणि वाफ नळाने यंत्रांपर्यंत जाते. गुजरातेत दारूबंदी असल्याने तिथे भट्टीचा विषय निघत नाही, पण मांडणी उचलण्याजोगी आहे : आग शेडबाहेर, भाणाभोवती केवळ वाफेचे वेष्टन. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या दाबाची वाफ सुमारे १२० अंशांची असते; निरो उकळायला ती पुरते. याहून कमी दाबाचे किंवा २५ लिटरांहून लहान पात्र बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. मोठ्याला नोंदणी, तपासणी आणि पात्रताधारक चालक लागतो. नवख्याने कमी दाबच पत्करावा.

हंगामापूर्वी भाणात साधे पाणी भरून पूर्ण आचेवर तासभर चालवावे. नळीतून येणारे पाणी कोमट लागले, तर आधी थंडाव्याची टाकी वाढवावी. शेगडीची पावती नंतर फाडावी.