प्लग-इन हायब्रिड गाडी: रोज रात्री चार्जिंगला लावणार असाल तरच वाचा (आणि नसाल तर नक्की वाचा)

मंडळी, 'हायब्रिड' हा शब्द सध्या गाड्यांच्या जाहिरातीत इतका स्वस्त झालाय की त्याखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. आधी तो घोळ मिटवू.

माइल्ड किंवा 'स्मार्ट' हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिनला फक्त हातभार लावते, एकट्या बॅटरीवर गाडी चालत नाही. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे आपल्याकडची इनोव्हा हायक्रॉस वगैरे, थोडं अंतर विजेवर जाते, पण ती वीज इंजिनातून आणि ब्रेक लावताना गाडीतच तयार होते. या दोन्हींना वायर लावायची सोय नसते. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिड. यात बॅटरी बरीच मोठी असते, ती भिंतीवरच्या सॉकेटवरून चार्ज होते आणि रोजचं जाणं-येणं पेट्रोल न जाळता होऊ शकतं. 'होऊ शकतं' यातच सगळी गोम आहे.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते आणि गेली काही वर्षं सेकंडहँड बीएमडब्ल्यू ५३०ई चालवते. ही २०१७ मध्ये आलेली एक्झिक्युटिव्ह सेडान. २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्समध्ये बसवलेली इलेक्ट्रिक मोटर, दोन्ही मिळून २५२ हॉर्सपॉवर, आणि मागच्या सीटखाली ९.२ किलोवॅट-अवरची बॅटरी. किलोवॅट-अवर म्हणजे काय, असं विचारू नका. लाइट बिलावर ज्याला 'युनिट' म्हणतात तेच ते.

९.२ युनिटमधली सगळी वापरता येत नाहीत

फोन ० टक्के दाखवून बंद पडतो. ही गाडी ० दाखवते तेव्हाही बॅटरीत थोडी वीज राखून ठेवलेली असते, कारण पेट्रोलवर चालतानाही मोटरला अधूनमधून काम असतं. वरच्या टोकालाही थोडी जागा मोकळी सोडतात. म्हणून वापरायला मिळतात साधारण पावणेआठ युनिट. याचा फायदा असा की रोज १०० टक्के चार्ज केली तरी पेशी काठोकाठ भरलेल्या नसतात. फोनसाठी सांगितला जाणारा '८० टक्क्यांवर काढा' हा सल्ला इथे डोक्यात घ्यायची गरज नाही.

या विजेवर कंपनीने कागदावर सांगितलेलं अंतर होतं जवळपास ५० किलोमीटर. मला उन्हाळ्यात ३०-३२ मिळतात. जानेवारीत हीटर, काच गरम करणं, ओले रस्ते, सगळं धरून २२-२४. माझं ऑफिस १४ किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८. उन्हाळ्यात पेट्रोलचा थेंबही लागत नाही, हिवाळ्यात परतीच्या शेवटच्या टप्प्यात इंजिन जागं होतं. ही गाडी मी घेतली ती हा २८ चा आकडा बघून. ऑफिस ६० किलोमीटरवर असतं तर घेतलीच नसती.

चार्जर भिंतीवर नसतो, गाडीत असतो

हा मुद्दा फोनवाल्यांना पटकन कळेल. तुमचा फोन १८ वॉटच घेत असेल तर त्याला ६५ वॉटचा अॅडॉप्टर लावून तो लवकर भरत नाही. गाडीचंही तसंच. घरात येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. हा बदल करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. माझ्या गाडीत तो ३.७ किलोवॅटचा आहे. भिंतीवर ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स लावा नाहीतर मॉलमधल्या २२ किलोवॅटच्या खांबाला जोडा, गाडी ३.७ च्या वर एक वॉट घेणार नाही. हायवेवरच्या फास्ट चार्जरचं तोंड तर तिला बसतच नाही.

मग वॉलबॉक्स नक्की करतो काय? तो म्हणजे अक्कल असलेलं स्विचबोर्ड. युरोपातला टाइप २ प्लग बघितला तर त्यात सात पिना दिसतील (भारतात इलेक्ट्रिक गाड्यांच्या एसी चार्जिंगला हाच प्लग असतो). पाच पिना विजेच्या आणि अर्थिंगच्या, दोन नुसत्या बोलण्यासाठी. त्यातल्या एका पिनेवरून सेकंदाला १००० ठोक्यांचा सिग्नल जातो आणि प्रत्येक ठोका किती लांब आहे त्यावरून गाडीला कळतं की इथून किती अँपिअर ओढायची परवानगी आहे. १० अँपिअरसाठी ठोका साधारण १७ टक्के वेळ चालू असतो, १६ साठी २७ टक्के. दुसरी पिन केबलच्या आत बसवलेला रेझिस्टर वाचते, म्हणजे बारीक केबलमधून जास्त करंट जायला नको. ही बोलणी पूर्ण होईपर्यंत प्लगमध्ये वीज येतच नाही. पावसात गाडी चार्जिंगला लावताना शॉक लागेल का, हे मला भारतातून फोनवर हमखास विचारतात. केबल, सॉकेट धड असेल तर नाही, त्याचं कारण हे.

गाडीबरोबर साध्या तीन पिनच्या सॉकेटला लावायची केबलही मिळते. तिला इथे गमतीने 'ग्रॅनी' म्हणतात, कारण आजीच्या घरी गेलात तरी चालते. १० अँपिअर, २३० व्होल्ट, म्हणजे २.३ किलोवॅट. रिकामी बॅटरी भरायला भिंतीतून साधारण ९ युनिट खेचले जातात (थोडी वीज उष्णतेत वाया जाते), म्हणजे चार तास. वॉलबॉक्सवर अडीच तास. रात्री मी झोपलेली असते, मला चार आणि अडीचमध्ये काय फरक? वॉलबॉक्स बसवायला इथे हजार पौंडांच्या आसपास खर्च येतो. इतक्या लहान बॅटरीच्या गाडीसाठी तो खर्च मला तरी पटत नाही. पुढे पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

पण सॉकेटच्या बाबतीत कंजुषी नको. फोनचा चार्जर जेमतेम चिमूटभर करंट ओढतो, इथे १० अँपिअर सलग चार तास वाहतात. जुनं, सैल झालेलं सॉकेट गरम होतं, आणि गुंडाळलेलं एक्स्टेंशन तर भट्टीच. मी इलेक्ट्रिशियनकडून फक्त गाडीसाठी वेगळी वायर आणि बाहेर वापरायचं सॉकेट बसवून घेतलं. भारतात अशी केबल वापरायची वेळ आली तर ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटला हातही लावू नका. एसी-गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंट हवा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं. बऱ्याच चार्जिंग केबल अर्थिंग तपासतात आणि ते नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतात. ती केबलची खोडी समजू नका, घराच्या वायरिंगची बातमी आहे.

पैशाचं गणित

माझ्या वीज करारात रात्रीचे पाच तास दर ८ पेन्स आहे, दिवसा २५. गाडीच्या अॅपमध्ये सकाळी निघायची वेळ आणि स्वस्त दराची वेळ भरून ठेवली की प्लग संध्याकाळी लावला तरी चार्जिंग मध्यरात्रीनंतरच सुरू होतं. चार तासांचं काम पाच तासांत आरामात बसतं.

९ युनिटचे रात्रीच्या दराने ७२ पेन्स. दिवसाच्या दराने २ पौंड २५ पेन्स. तेच ३० किलोमीटर शहरात पेट्रोलवर गेले तर साधारण २.४ लिटर, लिटरला १ पौंड ४० पेन्स धरून ३ पौंड ३६. आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर युनिटला ५५ पेन्स मोजले तर? ४ पौंड ९५! म्हणजे पेट्रोलपेक्षा महाग, वर तीन तास खांब अडवून ठेवल्याचं पाप. मी सार्वजनिक चार्जर वापरतच नाही. ज्याला लांब जायला वीजच हवी अशा पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवाल्याची ती जागा आहे.

वर्षाला ऑफिसचे २३० दिवस धरले तर रात्रीच्या दराने सुमारे ६०० पौंड वाचतात, दिवसाच्या दराने अडीचशेच्या आसपास. गाडी तीच, प्लग तोच, फरक फक्त वेळेचा.

ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग नाही त्याचं गणित इथेच संपतं. इथे रांगेतल्या घरांसमोर गाड्या रस्त्यावर लागतात आणि फुटपाथवरून केबल टाकायला नगरपालिका सहसा परवानगी देत नाही. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या मीटरवरून पॉइंट घ्यायचा तर आधी कमिटीला पटवावं लागतं. गाडी बुक करण्याआधी हा प्रश्न सोडवा. नंतर नाही.

मग कागदावर लिटरला ५० किलोमीटरहून जास्त कसं?

या गाडीचा सरकारी आकडा होता १०० किलोमीटरला १.९ लिटर आणि किलोमीटरला ४६ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. कोणी खोटं बोललं नव्हतं. तेव्हाच्या युरोपीय चाचणीत असं गृहीत धरलं होतं की माणूस पूर्ण बॅटरी वापरेल, मग २५ किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि लगेच पुन्हा चार्ज करेल. बॅटरीवर ५० किलोमीटर धरले तर ७५ पैकी ५० विजेचे झाले, म्हणजे दोन तृतीयांश प्रवासात पेट्रोल शून्य. आकडा आपोआप एक तृतीयांशावर आला.

आता खरं आयुष्य. युरोपियन कमिशनने गाड्यांमधल्या मीटरचीच माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. प्लग-इन हायब्रिडचा प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइड कागदी आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हा फरक सुमारे २० टक्के होता. त्याआधी २०२२ मध्ये आयसीसीटी आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने पाहिलं होतं की खासगी मालक निम्म्याहून थोडं कमी अंतर विजेवर जातात, आणि कंपनीची गाडी चालवणारे फक्त ११ ते १५ टक्के.

कंपनीवाले इतके आळशी का? आळशी नाहीत, हिशोबी आहेत. ब्रिटनमध्ये कंपनीने दिलेल्या गाडीवर कर्मचाऱ्याला कर भरावा लागतो आणि तो गाडीच्या किमतीवर व कागदी उत्सर्जनावर ठरतो. २०१७-१८ मध्ये ५० ग्रॅमपर्यंतच्या गाडीला ९ टक्के, साध्या पेट्रोल एक्झिक्युटिव्ह गाडीला त्याच्या अडीच-तीन पट. म्हणून साहेब मंडळींनी प्लग-इन घेतल्या. कर वाचला तो कागदी आकड्यामुळे, प्रत्यक्ष चार्ज करण्याशी त्याचा काही संबंध नाही. वर पेट्रोलचं कार्ड अनेकदा कंपनीचं आणि घरची वीज आपल्या खिशातून! कोण लावेल प्लग? माझी गाडी एका कंपनीच्या ताफ्यातून आली, तेव्हा डिकीतल्या चार्जिंग केबलवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं. तीन वर्षांत कोणी उघडलं नव्हतं.

अशा मालकाने दोनशेहून जास्त किलोचं ओझं फुकट वाहिलं. ५३०ई ची डिकी ४१० लिटरची आहे, साध्या ५ सिरीजची ५३०. पेट्रोलची टाकी ४६ लिटरची, म्हणजे साध्या गाडीपेक्षा सुमारे २० लिटरने लहान. बॅटरीने ती जागा खाल्ली आहे. लांबच्या प्रवासात मला ही गाडी म्हणजे जरा जड, जरा जास्त वेळा पंपावर थांबणारी पेट्रोल गाडी वाटते, याहून जास्त काही नाही.

नियम आता आवळत चाललेत. ब्रिटनने प्लग-इन हायब्रिडची खरेदी सवलत नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद केली, लंडनच्या कंजेशन चार्जमधली सूट ऑक्टोबर २०२१ मध्ये गेली, आणि युरोपात २०२५ पासून नव्या मॉडेलच्या चाचणीत 'रोज चार्ज करतो' हे गृहीतक बरंच खाली आणलंय. भारतात तर पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि हायब्रिडला, प्लग असो वा नसो, ती सवलत नाही. आपल्याकडे प्लग-इन मोजक्या महागड्या गाड्यांतच दिसते त्याचं हे एक मोठं कारण.

सेकंडहँड बघत असाल तर

परदेशात शिकायला-नोकरीला गेलेल्या मंडळींसाठी हे खास, कारण तिथे कंपन्यांच्या ताफ्यातून सुटलेल्या या गाड्या बऱ्याच मिळतात. गाडी बघायला जाण्याआधी ती पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा आणि डॅशबोर्डवर विजेचं अंतर किती दाखवते ते पाहा, मग खरंच तेवढं चालवून बघा. दोन्ही केबल आहेत का विचारा, नवीन घ्यायला शेकड्यांत पैसे जातात. मॉडेलचं वर्ष तपासा: ५३०ई ला २०१९ मध्ये १२ युनिटची बॅटरी आली, आणि २०२४ च्या नव्या पिढीत वापरायला १९ युनिटहून जास्त मिळतात, ऑनबोर्ड चार्जरही ७.४ किलोवॅटचा. तिला वॉलबॉक्स शोभतो.

पंपावर पहिल्यांदा जाल तेव्हा टाकीचं झाकण उघडणार नाही, घाबरू नका. इंजिन दिवसेंदिवस बंद राहतं म्हणून पेट्रोलची वाफ टाकीतच दाबून ठेवलेली असते. आतलं बटण दाबा, काही सेकंद थांबा, दाब सुटला की झाकण उघडतं. आणि वर्षभर विजेवर फिरलात तरी ऑइल तारखेप्रमाणे बदलावंच लागतं, इंजिन किती किलोमीटर चाललं ते न बघता.