२३ सप्टेंबर : एका तारखेची पेटी

दैनिकांच्या एका कोपऱ्यांत ‘दिनविशेष’ या मथळ्याखालीं जीं चार-सहा वाक्यें छापलेलीं असतात, तीं वाचल्याशिवाय पुष्कळांच्या सकाळच्या चहाला रुचि येत नाहीं. अमक्या सालीं याच दिवशीं अमका राजा जन्मला, तमकी लढाई झाली, तमका कवि वारला, आणि आज जगांत अमुक एक दिन पाळला जातो. वाचणाऱ्याला आपण इतिहास वाचल्याचें समाधान मिळतें आणि पान उलटतांच तो तें विसरूनही जातो. एका रकान्यांत शेजारीं बसण्यापलीकडे ज्या घटनांचें परस्परांशीं कांहीं नातें नाहीं, त्यांच्या या मेळाव्याला इतिहास म्हणावें काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

अलीकडे या दिनविशेषाला एक नवें आणि मौजेचें रूप आलें आहे. ३ मे २००० रोजीं अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें रानांत एक डबा ठेवला आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता नुकतीच काढून टाकली होती. त्यामुळें सामान्य माणसालाही हातांतल्या यंत्रावरून नेमकी जागा थोड्या पावलांच्या फरकानें सांपडूं लागली. यांतून ‘जिओकॅशिंग’ हा खेळ निघाला आणि पृथ्वीवर सर्वत्र पसरला. दडविलेली पेटी शोधावी, आंतल्या वहींत नांव लिहावें, एखादी वस्तु घेतल्यास तिच्या तोडीची दुसरी ठेवावी, एवढेच त्याचे मुख्य नियम. कांहीं पेट्या विशिष्ट विषयाला वाहिलेल्या असतात. कांहीं तर वर्षांतील एकाच तारखेला. त्या दिवसाचा इतिहास, त्या दिवशींच्या जयंत्या आणि त्या दिवशीं पाळले जाणारे उत्सव, हेंच तिचें भांडार.

वृत्तपत्राच्या रकान्याला जागा नसते. या पेटीला ती असते. एवढ्या एका फरकानें सारा अर्थ बदलतो, आणि तो कसा बदलतो हें आपल्याच मुलखांतील एका उदाहरणानें पाहूं. जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांत पिंपळगांव रेणुकाई म्हणून मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेला गांव आहे. समजा, या भागांत कोणी अशी पेटी ठेवली आणि तिच्यावर २३ सप्टेंबर ही तारीख घातली. त्या पेटींत काय काय निघेल?

पहिल्यानें निघेल रोमचा पहिला सम्राट् ऑगस्टस. इसवीसनापूर्वीं ६३ व्या वर्षीं या दिवशीं तो जन्मला. मग निघेल एक ग्रह. फ्रेंच गणिती लव्हेर्ये यानें युरेनसच्या गतींतील विक्षेपावरून, त्याच्या पलीकडे न दिसणारा दुसरा ग्रह असलाच पाहिजे असें गणित मांडलें, आणि १८४६ सालीं २३ सप्टेंबरच्या रात्रीं बर्लिनच्या वेधशाळेंत गॅले यास तो जवळजवळ सांगितल्या जागीं दिसला. तोच नेपच्यून. हिंदीचे कवि रामधारीसिंह ‘दिनकर’ १९०८ सालीं या दिवशीं जन्मले. सत्तावन्नच्या युद्धांतील रेवाडीचे राव तुलाराम १८६३ सालीं या दिवशीं काबूल येथें वारले. हरयाणांत हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ शहीद-दिन म्हणून पाळतात. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१८ पासून हाच दिवस मूकबधिरांच्या खुणांच्या भाषांसाठीं राखला आहे. शिवाय शरद्‌संपाताचा काळ, म्हणजे दिवस-रात्र सारखीं होण्याचा सुमार, तो हाच.

येथवर सारा दिनविशेषच झाला. परंतु पेटीच्या तळाशीं एक जड वस्तु राहिली आहे, आणि ती मात्र दुसऱ्या कोणत्याही गांवच्या पेटींत इतकी शोभणार नाहीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं याच टापूंत, भोकरदनच्या पूर्वेस असई येथें, दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजेशीं कंपनीच्या सैन्याची लढाई झाली.

तिची पूर्वपीठिका वाचकांस ठाऊक आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला; बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून त्यानें कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. शिंदे-भोसल्यांना तो तह मानवला नाहीं व युद्ध जुंपलें. ऑगस्टमध्यें अहमदनगरचा किल्ला घेऊन जनरल आर्थर वेल्स्ली उत्तरेकडे निघाला. बदनापूर येथें त्याची व कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली; दोघांनीं दोन वाटांनीं जाऊन २४ तारखेस मिळून हल्ला करावा असें ठरलें. परंतु शत्रु भोकरदनला आहे ही बातमीच संदिग्ध होती. भोकरदन हें गांवाचें नांव तसेंच परगण्याचेंही. मराठ्यांची छावणी परगण्यांत, असईपर्यंत पसरलेली होती, आणि २३ तारखेस दुपारीं वेल्स्ली एकटाच तिच्यासमोर येऊन ठेपला. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर शत्रु निसटेल, म्हणून त्यानें त्याच दिवशीं लढण्याचें ठरविलें.

मध्यें केळणा नदी होती. वाटाडे म्हणत, पुढें कोठेंही उतार नाहीं. वेल्स्लीला दुर्बिणींतून नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं, एक पिंपळगांव आणि दुसरें वरूड. इतकीं जवळ असलेलीं गांवें येण्याजाण्याच्या सोयीशिवाय वसणार नाहींत, तेव्हां येथें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें अनुमान केलें. आणि तें खरें ठरलें. (नदीकाठचें तें पिंपळगांव आणि रेणुकाईचें पिंपळगांव हीं निरनिराळीं. एका नांवाचीं गांवें अनेक असल्यामुळेंच आपल्याकडे नांवापुढें देवीचें किंवा कुळाचें नांव जोडावें लागतें.) धुरावरून अग्नि ओळखावा हा आपल्या नैयायिकांचा जुना दृष्टांत. लव्हेर्येनें विक्षेपावरून ग्रह ओळखला, वेल्स्लीनें गांवांवरून उतार. आणि दोन्ही गोष्टी २३ सप्टेंबरच्याच! तारखेचा हा योगायोग निव्वळ योगायोग आहे. पण तर्क कोणत्या जातीचा असतो हें त्यामुळें सहज लक्षांत येतें.

यापुढची हकीकत मात्र आपण अधिक सावकाश वाचली पाहिजे. इंग्रज नदी उतरून बाजूवर येत आहेत हें पाहतांच शिंद्यांच्या कंपूंनीं आपली सारी ओळ काटकोनांत फिरवली. उजवें अंग केळणेला आणि डावें असई गांवाला टेकलें. गोळ्यांच्या टप्प्यांत असा फिरकावा घेणें कवायती फौजेलाही कठीण, आणि मराठ्यांना तो साधेल असें वेल्स्लीला वाटलें नव्हतें. महादजींच्या काळापासून उभारलेल्या तोफखान्यानें त्या दिवशीं आपलें ब्रीद राखलें. गोलंदाज तोफेजवळ उभे राहून मेले. कांहीं जण मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची ओळ पुढें सरकतांच उठून त्यांनीं तिच्या पाठीवर तोफा डागल्या. असईजवळ गेलेल्या ७४ व्या हायलंडर पलटणीचे जवळजवळ सारे अधिकारी ठार वा जखमी झाले. सुमारें साडेनऊ हजारांच्या सैन्यापैकीं इंग्रजांकडील ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. पुढें वॉटर्लू जिंकणाऱ्या या सेनापतीनें आपल्या आयुष्यांतील सर्वांत उत्तम लढाई म्हणून असईचेंच नांव घेतलें.

मग पराभव कां झाला? तोफा उणी पडल्या नाहींत. ९८ तोफा शत्रूच्या हातीं लागल्या, यावरून त्या किती होत्या हें दिसतें. शौर्यही उणें पडलें नाहीं. उणें पडलें तें नेतृत्व आणि एकी. होळकर दूर राहिले. अफाट घोडदळ फारसें कामास आलें नाहीं. कंपूंची सूत्रें पोलमन नांवाच्या हनोव्हरच्या एका माणसाकडे होतीं. हा पूर्वीं कंपनीच्याच नोकरींत होता आणि पुढें पुन्हां तिच्याच नोकरींत गेला. पलीकडे वेल्स्लीच्या सैन्यांत मद्रासेकडील देशी शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते, इतकेंच नव्हे तर पेशव्यांच्या पक्षाचे मराठे स्वारही होते. केळणेच्या दोन्ही तीरांवर त्या दिवशीं मराठी बोललें जात होतें, ही गोष्ट पराभवाहून अधिक बोचणारी आहे. अडगांव आणि गाविलगड यांनंतर डिसेंबर १८०३ मध्यें भोसल्यांनीं देवगांव येथें व शिंद्यांनीं सुर्जी-अंजनगांव येथें तह केले आणि मराठी सत्तेचा कणा मोडला.

आतां असा विचार करा : ही तारीख कोणीं जपली? कंपनीनें ७४ व्या व ७८ व्या पलटणींना आणि १९ व्या ड्रॅगून रिसाल्याला असईचीं खास निशाणें दिलीं. हायलंडर पलटणींत ‘असई-दिन’ पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. खुद्द तारीखही त्यांचीच. त्या संध्याकाळीं शिंद्यांच्या छावणींत कोणी पत्र लिहिलें असेल, तर त्यावर सप्टेंबर महिना नसेल; तिथि असेल किंवा दफ्तराच्या रिवाजाप्रमाणें चंद्र आणि सुहूर सन असेल. शिवजयंती तिथीनें करावी कीं तारखेनें, हा वाद आपण अजून घालतों, आणि त्याला एवढा अर्थ आहे खरा. कालगणना कोणाची हें ठरलें म्हणजे आठवण कोणाची हेंही पुष्कळ अंशीं ठरतें.

याच मराठवाड्यांत, अवघ्या सहा दिवस आधीं, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो; १९४८ सालीं हैदराबाद संस्थान त्या दिवशीं शरण आलें. झेंडावंदन होतें, भाषणें होतात, आणि तीं व्हावींतच. परंतु विजय जपण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. हरयाणा एका परागंदा होऊन मेलेल्या वीराचा दिवस जपतो. आपल्या गांवाशेजारच्या, तोफेला पाठ न दाखवितां मेलेल्या, ज्यांचीं नांवेंही इतिहासानें ठेवलीं नाहींत अशा गोलंदाजांसाठीं आपल्याकडे एखादा दिवस असूं नये काय?

दिनविशेष म्हणजे इतिहास नव्हे, हें खरें. परंतु तारखेला भूमि मिळाली आणि ती कोणीं मोजली हें विचारण्याची बुद्धि झाली, म्हणजे तीच तारीख इतिहासाचें दार होते. त्या खेळाचा नियम असा कीं पेटींतून जें घ्यावें त्याच्या तोडीचें कांहीं ठेवावें. असईकडून आपण आजवर विस्मरणाची सवलत तेवढी घेतली आहे. तिच्या तोडीचें ठेवावयाचें तर तें एकच असूं शकतें : शाळेच्या मुलांना घेऊन केळणा आणि जुई यांच्या मधल्या त्या शेतांत जाणें, आणि येथें काय झालें तें आपल्या भाषेंत, कांहीं न लपवितां, त्यांना सांगणें.