जुनी बस : नेमके काय जुने?

इंग्लंडमधील सॅलिसबरी प्लेन या पठारावर इंबर नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सरावासाठी जागा हवी म्हणून १९४३ च्या डिसेंबरात ते रिकामे करण्यात आले. गावकऱ्यांना पुन्हा तेथे राहायला जाता आले नाही. आजही हा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. चर्च आणि काही पडकी घरे, एवढेच गाव उरले आहे.

या ओसाड गावाला बससेवा आहे! ती वर्षातून एकच दिवस चालते. २००९ मध्ये काही हौशी मंडळींनी वॉर्मिन्स्टर रेल्वे स्थानकापासून इंबरपर्यंत जुन्या बसगाड्या चालवायला सुरुवात केली. मार्गाला क्रमांकही दिला, २३ ए. त्या दिवशी लंडनच्या लाल दुमजली गाड्या ओळीने धावतात. त्यांत प्रामुख्याने असतात ‘रूटमास्टर’.

रूटमास्टरचा पहिला नमुना १९५४ मध्ये लोकांपुढे आला. १९६८ पर्यंत अशा २,८७६ गाड्या बनल्या. लंडनच्या नियमित सेवेतून त्या ९ डिसेंबर २००५ रोजी निवृत्त झाल्या. मग त्यांतील शेकडो गाड्या अजून धावण्याजोग्या कशा राहिल्या? उत्तर त्यांच्या रचनेत आहे.

युद्धकाळात लंडनच्या बस कारखान्यांनी हॅलिफॅक्स बॉम्बर विमाने जोडली होती. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून हलका पण मजबूत सांगाडा कसा करायचा, हे तेथे हाताखालून गेले होते. रूटमास्टरला वेगळी जड चॅसी नाही. अ‍ॅल्युमिनियमची बॉडीच सारा भार पेलते. पुढे इंजिन व स्टिअरिंगची एक चौकट आणि मागे चाकांच्या आसाची दुसरी चौकट तिला जोडलेली असते. त्यामुळे आधीच्या ५६ आसनी ‘आरटी’ बसपेक्षा आठ उतारू जास्त बसत, तरी वजन जवळपास तेवढेच राहिले.

सुटे भागही असे बनवले होते, की एका गाडीचा भाग दुसरीला बिनचूक बसावा. काही वर्षांनी प्रत्येक बस अल्डनहॅमच्या कारखान्यात जाई. तेथे बॉडी व चौकटी सुट्या करून स्वतंत्रपणे दुरुस्त होत. आत आलेल्या गाडीचा क्रमांक दुरुस्त होऊन तयार असलेल्या दुसऱ्याच गाडीवर चढवला जाई आणि ती बाहेर पडे. कागदोपत्री बस फार दिवस रस्त्यावरून हटतच नसे.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यासमोर प्रश्न उभा राहतो. एखाद्या गाडीवर १९५९ सालचा क्रमांक आहे, पण बॉडी दुसऱ्या गाडीची, चौकट तिसऱ्या. पुढे १९९० च्या सुमारास अनेक गाड्यांत नव्या बनावटीची इंजिने बसवली गेली. काही हौशी मालकांनी ती काढून पुन्हा जुन्या धर्तीची बसवली. मग ही बस ‘अस्सल’ आहे का? क्रमांकाची पाटी हा पुरावा आहे, पण नेमका कशाचा, हे विचारावे लागते. शिलालेख असो की दानपत्र, प्रत्येक साधनाला हाच प्रश्न विचारायचा असतो.

संग्रहालयात उभी केलेली गाडी झिजत नाही. उरलेला मूळ भाग तिच्यात सुरक्षित राहतो. धावणारी गाडी दर फेरीला थोडी झिजते, म्हणजे पुरावाच थोडा थोडा खर्च होतो. हा आक्षेप खोटा नाही. पण काही गोष्टी धावल्याशिवाय टिकत नाहीत. क्लचचे पेडल नसलेली ही गाडी धक्का न देता कशी हाकायची, इंजिनाचा आवाज बदलला तर काय बिघडले असावे, हे हातातून हातात जाणारे ज्ञान आहे. चालक पुढे एकटाच बंद केबिनमध्ये असल्याने कंडक्टर त्याच्याशी घंटेने बोलतो. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, तीन म्हणजे गाडी भरली. आपल्या एसटीतील ‘डबल बेल’ आठवली ना? ही भाषा कोणत्याही सुट्या भागात सापडणार नाही.

मुंबईत ‘बेस्ट’ची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. अशा गाडीचा पत्रा जपता येतो. ती वर्षानुवर्षे चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांचे ज्ञान जपायचे तर त्यांना वेळीच विचारायला हवे.

वर्गात हा विषय सहज घेता येईल. घरातील जुनी सायकल किंवा शिवणयंत्र निवडा. मूळचा भाग कोणता, बदललेला कोणता, केव्हा आणि का बदलला, याचा तक्ता मुलांना करू द्या. नंतर गावातल्या एखाद्या निवृत्त एसटी मेकॅनिकला वा कंडक्टरला वर्गात बोलवा. तक्त्यात न मावणारे बरेच काही त्यांच्याकडून मिळेल.