देवळातला मुक्काम: बिल कोण भरतं?

आजचा भाग अशा सगळ्यांसाठी, ज्यांनी ट्रेकच्या निमित्ताने कधी ना कधी देवळाच्या फरशीवर झोप काढली आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं मित्र गड उतरून खाली आलो, तेव्हा शेवटची एसटी निघून गेली होती. कपडे ओले आणि फोनची बॅटरी ७ टक्के. पायथ्याच्या गावात एक आजोबा भेटले. ते आम्हाला मारुतीच्या देवळात घेऊन गेले, कोपऱ्यातल्या सतरंज्या दाखवल्या, म्हणाले, "बटण इथं हाय, पानी हापशाला. निवांत पडा, पोरांनो." आमची नावं, गाव, काहीच विचारलं नाही.

सकाळी आम्ही दानपेटीत शंभराची नोट टाकली आणि निघालो. परतीच्या एसटीत मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. दिवसभर सर्व्हरचा खर्च कोण देतं हे बघणारा माणूस मी, त्यामुळे प्रश्न पडला तोही तसाच. त्या बल्बचं बिल कोण भरतं? सतरंज्या कोणी आणल्या?

हाच प्रश्न घेऊन आज आपण जाणार आहोत चीनमध्ये, साधारण ११८० वर्षं मागे. आपला वाटाड्या आहे एन्निन, जपानमधल्या हिएई पर्वतावरच्या मठाचा एक भिक्खू. तो ८३८ साली जपानच्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर चीनला गेला, ८४७ साली परत आला, आणि सगळ्या प्रवासाची डायरी लिहिली. कुठल्या रात्री कुठे झोपलो, काय खाल्लं, यजमान कसा होता, सगळं त्यात आहे. काही ठिकाणी तर सरळ शेरा आहे की यजमान कंजूष होता. म्हणजे आजच्या भाषेत रिव्ह्यूच!

तर झालं असं, की एन्निनला चीनमधल्या तीर्थक्षेत्री राहून शिकायचं होतं, पण सरकारने परवानगी नाकारली. शिष्टमंडळ परत निघालं तेव्हा हा पठ्ठ्या आपल्या दोन शिष्यांना आणि एका सेवकाला घेऊन मागेच राहिला. कागदपत्रं नाहीत, भाषा धड येत नाही. अशा माणसाला ठेवून कोण घेणार?

ठेवून घेतलं एका मठाने. शांडोंगच्या किनाऱ्यावर, चिशान नावाच्या डोंगरावर तो मठ होता. तिथे राहणारे भिक्खू कोरियातल्या सिल्ला राज्याचे, म्हणजे तेही परदेशीच. स्थानिक अधिकाऱ्यांनी मठाला विचारणा केली की हे जपानी लोक इथे कसे राहिले आणि तुम्ही कळवलं का नाही. तरीही मठाने त्यांना बाहेर काढलं नाही. ८३९चा उन्हाळा आणि नंतरचा पूर्ण हिवाळा एन्निन तिथेच होता.

आता बिलाकडे येऊ. एन्निनने तेही लिहून ठेवलंय. हा मठ बांधला होता जांग बोगो या सिल्लाच्या बड्या सागरी सरदाराने, आणि मठाच्या नावावर शेतजमीन होती. तिच्यातून वर्षाला ५०० शी तांदूळ यायचा. शी हे तेव्हाचं धान्याचं माप. म्हणजे एन्निनच्या ताटातला भात त्या शेतातून येत होता, आणि तो पिकवणाऱ्यांनी एन्निनला कधी पाहिलंही नसेल.

८४०च्या वसंतात चिनी अधिकाऱ्यांकडून अखेर प्रवासाचा परवाना मिळाला आणि तो चालत निघाला वुताई पर्वताकडे. बोधिसत्त्व मंजुश्रीचं हे ठिकाण. शेवटच्या डोंगराळ टप्प्यात, थोड्या थोड्या अंतरावर त्याला मुक्कामाच्या जागा लागल्या. त्यांचं नाव पुतोंग युआन, म्हणजे सर्वांसाठीचा मठ. नियम त्याने नोंदवलाय: भिक्खू असो की संसारी, कोणीही यावं आणि राहावं. जेवण असेल तर मिळेल, नसेल तर नाही मिळणार. पण छप्पर नाकारायचं नाही.

आणि खरोखरच एका ठिकाणी जेवण नव्हतं. टोळांनी काही वर्षं पिकं खाल्ली होती, त्यामुळे भात नाही, पेजही नाही. कडधान्यावर भागवावं लागलं. त्या भागात दुष्काळ होता, पण दार उघडं होतं.

ही पद्धत आली कुठून? इथे जरा आपल्या घराजवळ येऊ, कारण धागा भारतातच सुरू होतो. ३९९ साली चीनमधून निघालेला फाहियान, शाळेच्या पुस्तकातला तोच, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली रीत सांगतो: पाहुणा भिक्खू आला की तीन दिवस त्याची व्यवस्था करायची, मग त्याने स्वतःची सोय बघायची. पुढे भारतात आणखी आत आल्यावर तो लिहितो की जुने भिक्खू पुढे येऊन पाहुण्याचं सामान घेतात, त्याला पाय धुवायला पाणी आणि चोळायला तेल देतात.

आणि पैसा? त्यासाठी नाशिकच्या पांडवलेणीत जा, १० नंबरच्या लेणीत. तिथे उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. लेणी दिली आहे 'चातुदिस' संघाला, म्हणजे चारही दिशांनी येणाऱ्या भिक्खूंना. त्याच्या पुढे चक्क हिशोब आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, शेकडा १ व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेणीत राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. गणित करून बघा. महिन्याचं व्याज २०, वर्षाचं २४०. आणि २० गुणिले १२? २४०! दगडात कोरलेली एफडी आहे ही.

आता परत वुताईला. तिथे एन्निनला एक कथा ऐकायला मिळाली. एकदा एका मोठ्या मठात अन्नदान होतं. रांगेत एक गरोदर भिकारीण आली आणि दोन वाटे मागू लागली, एक स्वतःसाठी आणि एक पोटातल्या बाळासाठी. यजमान म्हणाला, जे जन्मलंच नाही त्याला कशाला वाटा? ती म्हणाली, बाळाला नसेल तर मलाही नको. ती उठून दाराबाहेर गेली आणि तिथेच मंजुश्रीच्या रूपात आकाशात निघून गेली. तेव्हापासून, एन्निन लिहितो, या डोंगरावर बाई-पुरुष, लहान-थोर, भिक्खू-संसारी असा भेद न करता सगळ्यांना सारखं वाढतात. रस्त्यात गाढव दिसलं तरी वाटतं, हाच मंजुश्री असेल तर?

कथा खरी-खोटी बाजूला ठेवा. दारात उभ्या माणसाची योग्यता ठरवत बसलात की चूक होणार, हे ती सांगते. त्यापेक्षा नियमच असा करा की ठरवावंच लागणार नाही.

पण अशी व्यवस्था तुटायला वेळ लागत नाही. ८४५ साली सम्राट वुत्सुंगने बौद्ध मठांवर बंदी आणली. सरकारी आकडे असे: ४६०० मठ पाडले, ४०,००० पेक्षा जास्त छोटी देवस्थानं गेली, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चिवर उतरवायला लावलं. मठांच्या जमिनीही गेल्या. राजधानी चांगआनमध्ये राहत असलेल्या एन्निनलाही साधे कपडे घालून देश सोडायचा हुकूम मिळाला. हजारो मैलांत जिथे पूर्वी कुठलंही दार वाजवता यायचं, तिथे आता दारंच उरली नव्हती.

तो जहाज शोधत पुन्हा चिशानला पोचला. मठ हुकमानुसार पाडलेला, राहायला खोली नाही. पण तिथल्या सिल्ला लोकांनी त्याची सोय केली कुठे, तर मठाच्या शेतावरच्या एका घरात. हो, तेच शेत, ज्याच्या तांदळावर तो सहा वर्षांपूर्वी जगला होता. वुत्सुंग ८४६ साली वारला, बंदी ढिली झाली, आणि ८४७ मध्ये एन्निन सुखरूप घरी गेला.

मीही नंतर एका रविवारी त्या पायथ्याच्या गावात परत गेलो. आजोबांना विचारलं, देवळाच्या लाइटचं बिल कोण भरतं? ते हसले. "गाव भरतं. घरटी वर्गणी हाय." आणि झाडलोट? "पाळीनं." त्यांच्या घरची पाळी त्याच आठवड्यात होती. मग मीही झाडू हातात घेतला.

तुम्ही असा मुक्काम कुठे केलाय? आणि तिथलं बिल कोण भरतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.