फुगा, हवामान आणि संशय

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. आठवीच्या वर्गावर उर्दूचा तास सुरू होता. धड्यात ‘तजस्सुस’ हा शब्द आला. उर्दूत त्याचा अर्थ कुतूहल, जाणून घेण्याची ओढ. मी फळ्यावर शब्द लिहिला आणि सांगितले की, आपण मराठीतही वापरतो तो ‘जासूस’ हा शब्द याच अरबी धातूपासून आला आहे. शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “टीचर, मग अमेरिकेने पाडला तो फुगा तजस्सुसचा होता की जासूसीचा?”

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण उत्तर देता आले नाही. त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसरात्र तोच पांढरा फुगा दिसत होता. चीन म्हणत होता हवामानाचा, अमेरिका म्हणत होती हेरगिरीचा. त्या मुलीच्या प्रश्नाचा माग काढत मी जुना इतिहास वाचत गेले. तेव्हा लक्षात आले की, हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात कोणाचेच हात स्वच्छ नाहीत.

फ्लूरसपासून कैरोपर्यंत

फुग्यातून शत्रूवर नजर ठेवण्याची सुरुवात फ्रेंचांनी केली. २६ जून १७९४ रोजी बेल्जियममधील फ्लूरसच्या लढाईत त्यांनी दोराला बांधलेला फुगा आकाशात सोडला. त्यात बसलेले अधिकारी ऑस्ट्रियन सैन्याच्या हालचाली टिपून खाली चिठ्ठ्या पाठवत होते. त्याआधी मोबूज येथे ऑस्ट्रियनांनी याच फुग्यावर तोफा डागल्या होत्या. म्हणजे टेहळणीचा फुगा आणि त्यावरचा लष्करी मारा, दोन्हींचा जन्म जवळपास एकाच महिन्यातला.

चार वर्षांनी नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याने फुगेवाल्यांची तुकडीही सोबत नेली. अबूकीरच्या समुद्रात इंग्रजांनी फ्रेंच आरमार बुडवले. तुकडीचे बरेचसे सामानही त्यातच गेले. तरी कैरोच्या लोकांना दिपवून टाकण्यासाठी १७९८ च्या अखेरीस अजबकिया मैदानात एक कागदी फुगा उडवला गेला. तो थोडा वर गेला आणि कोसळला. अल-अजहरचे विद्वान आणि इतिहासकार अब्दुर्रहमान अल-जबर्ती यांनी या प्रसंगाची नोंद केली आहे. या यंत्रात बसून माणसे दूरदेशी जातात आणि बातम्या काढून आणतात, असा फ्रेंचांचा दावा होता. जबर्तींना तो फुगा मात्र लग्नासमारंभात नोकरचाकर उडवतात त्या पतंगांसारखा वाटला. फ्रेंचांच्या विद्येचे, ग्रंथालयांचे मोकळेपणाने कौतुक करणारा हा माणूस होता. पण जे डोळ्यांना दिसले नाही ते त्याने मान्य केले नाही. त्याची ही सवय मला फार मोलाची वाटते.

हवामानाचा बुरखा

शीतयुद्धात फुगा पुन्हा आला, तोही माणसाशिवाय. सोव्हिएत संघाच्या पोलादी भिंतीआड काय चालले आहे, हे अमेरिकेला कळत नव्हते. उपग्रह अजून जन्मायचे होते. तेव्हा अमेरिकी हवाई दलाने ‘जेनेट्रिक्स’ नावाची गुप्त मोहीम आखली. १० जानेवारी १९५६ पासून फुगे सुटू लागले. नॉर्वे, स्कॉटलंड, पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानातील इंजर्लिक तळ ही त्यांची ठिकाणे. प्रत्येक फुग्याखाली मोठा कॅमेरा टांगलेला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे फुग्याला सोव्हिएत भूमीवरून पलीकडे नेतील आणि पॅसिफिकवर विमाने कॅमेरे झेलतील, असा हिशेब होता. जगाला सांगितले गेले की, हे हवामानाचे संशोधन आहे.

सोव्हिएत वैमानिकांनी लवकरच एक गोष्ट हेरली. रात्रीच्या थंडीत फुग्यातला वायू आकसतो आणि फुगा खाली येतो. सूर्य वर आला की वायू पुन्हा फुलतो आणि फुगा मिग विमानांच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून त्यांनी पहाटेची वेळ धरली आणि फुगे टिपायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारीला मॉस्कोने निषेध नोंदवला. पाच दिवसांनी पकडलेले फुगे आणि कॅमेरे पत्रकारांपुढे मांडले. हवामान मोजायला एवढे कॅमेरे कशाला, या प्रश्नावर अमेरिकेकडे धड उत्तर नव्हते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मोहीम थांबवली. तोवर ५१६ फुगे सोडून झाले होते. हाती लागलेले कॅमेरे पन्नासही नव्हते.

पण या अपयशातही अमेरिकेला एक लाभ झाला. फुग्याच्या जोडणीत ९१ सेंटिमीटर लांबीची एक पोलादी कांब होती. सोव्हिएत रडारच्या एका प्रकाराच्या लहरींना ती नेमका प्रतिसाद देई. त्यामुळे फुगा शोधायला ते रडार चालू झाले की, ते कुठे आहे हे पलीकडच्यांना कळे. पाहणाऱ्याला पाहून घेण्याचा हा प्रकार.

सोव्हिएतांनाही लाभ झालाच. फुग्यांमधली फिल्म थंडी आणि किरणोत्सर्ग सोसणारी होती. ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘लुना-३’ या यानाने चंद्राच्या पाठीमागच्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली, तेव्हा हीच पकडलेली अमेरिकी फिल्म वापरली होती, असे रशियन अभ्यासकांनी नोंदवले आहे. जासूसीसाठी निघालेली फिल्म अशी अखेर तजस्सुसच्या कामी आली. माझ्या विद्यार्थिनीला हा किस्सा सांगितला तेव्हा ती भलतीच खूश झाली.

हवामानाचे निमित्त इथेच संपले नाही. १ मे १९६० रोजी पेशावरहून उडालेले अमेरिकेचे यू-२ विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले. अमेरिकेने पुन्हा तेच सांगितले: हवामानाचे विमान होते, वाट चुकले. मग ख्रुश्चेव्ह यांनी जिवंत वैमानिक जगापुढे उभा केला आणि पॅरिसची शिखर परिषद कोसळली. त्या दिवशीच्या गोंधळात सोव्हिएत क्षेपणास्त्राने त्यांचेच एक मिग पाडले आणि त्यातला वैमानिक ठार झाला. ज्या पेशावरमधून विमान उडाले त्या पाकिस्तानला उघड धमक्या ऐकाव्या लागल्या. इंजर्लिक काय नि पेशावर काय, महासत्तांच्या खेळात अंगण मुस्लिम देशांचे वापरले गेले. त्या देशांतल्या सामान्य माणसाला कोणी विचारले नव्हते.

फुगा पाडणे इतके अवघड का?

मुलांना वाटते की, टाचणी लागली की फुगा फट्‌कन फुटतो. वीस किलोमीटर उंचीवर तसे होत नाही. या फुग्यांच्या आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखाच असतो. गोळीने भोक पडले तरी वायू हळूहळू झिरपतो.

ऑगस्ट १९९८ मध्ये कॅनडाने याचा अनुभव घेतला. ओझोनच्या अभ्यासासाठी सोडलेला त्यांचाच एक प्रचंड फुगा भरकटला आणि प्रवासी विमानांच्या मार्गात आला. हवाई दलाच्या दोन लढाऊ विमानांनी त्यावर हजारावर गोळ्या झाडल्या. फुगा पडला नाही. अटलांटिक ओलांडून तो युरोपच्या दिशेने निघून गेला.

सोव्हिएत संघाने तर केवळ उंचावरचे फुगे टिपता यावेत म्हणून एक खास विमान बनवले. त्याचे नाव मायसिश्चेव्ह एम-१७. पण १९८२ मध्ये ते पहिल्यांदा उडाले तोवर हेरगिरीचे काम उपग्रहांकडे गेले होते. मग ते विमान वातावरणाच्या अभ्यासाला लावले गेले. हवामानाच्या नावाखाली आलेल्या फुग्यांसाठी बांधलेले विमान शेवटी खरोखरच हवामानाच्या सेवेत गेले.

२०२३ चे आठ दिवस

आता त्या चिनी फुग्याकडे येऊ. २८ जानेवारी २०२३ रोजी तो अलास्काच्या हद्दीत शिरला. कॅनडावरून फिरून पुन्हा अमेरिकेत आला आणि १ फेब्रुवारीला मोंटाना राज्यातल्या लोकांना भरदिवसा दिसला. मोंटानात अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे जमिनीखाली ठेवलेली आहेत. साहजिकच गदारोळ उठला. परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांनी बीजिंगचा दौरा पुढे ढकलला. चीनने सांगितले, हे नागरी हवामान संशोधनाचे यान आहे, वाऱ्याने भरकटले. १९५६ ची ओळ आता दुसऱ्या तोंडातून ऐकू येत होती.

फुगा सुमारे ६० मीटर उंच होता आणि त्याखालच्या सामानाचे वजन टनभर असावे, असा अंदाज होता. ते खाली कुणाच्या घरावर पडले तर काय, म्हणून लष्कराने तो समुद्रावर जाईपर्यंत वाट पाहिली. ४ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे एफ-२२ विमानाने एकच क्षेपणास्त्र सोडून तो पाडला. ही वाट पाहणे मला शहाणपणाचे वाटते, जरी त्यासाठी सरकारवर बरीच टीका झाली.

खरा धडा पुढच्या आठवड्यात आहे. रडारवर येणाऱ्या हजारो प्रतिध्वनींमधून संथ आणि लहान वस्तू गाळून टाकण्याची सोय असते, नाहीतर पक्षीही पडद्यावर दिसतील. चिनी फुग्यानंतर ही चाळणी बदलली गेली. लगेच संथ, लहान वस्तू दिसू लागल्या. १० फेब्रुवारीला अलास्काजवळ, ११ ला कॅनडाच्या युकॉनमध्ये आणि १२ ला ह्युरॉन सरोवरावर, अशा तीन दिवसांत तीन वस्तू पाडल्या गेल्या. प्रत्येक क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरहून जास्त. ह्युरॉनवरचे पहिले तर चुकलेही. १६ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सांगितले की, त्या तीन वस्तू बहुधा खासगी कंपन्यांचे, हौशी मंडळींचे किंवा संशोधन संस्थांचे फुगे असावेत. इलिनॉयमधल्या एका हौशी गटाचा छोटासा फुगा त्याच सुमारास युकॉनच्या दिशेने जात असताना बेपत्ता झाला होता.

जूनमध्ये पेंटागॉनने आणखी सांगितले की, पहिल्या मोठ्या फुग्यानेही अमेरिकेवरून जाताना माहिती गोळा केली नाही, असे त्यांचे मत आहे. त्यात काही प्रमाणात त्यांनी घेतलेल्या खबरदारीचाही वाटा होता, असे ते म्हणाले.

चाळणी कोणाच्या हातात?

पहिला फुगा संशयास्पद होता, यात शंका नाही. परक्या देशाचे टनभर सामान अण्वस्त्रांवरून जात असेल तर कोणतेही सरकार स्वस्थ बसणार नाही. पण एका खऱ्या संशयानंतर चाळणी बदलली की मग प्रत्येक संथ, लहान, निरुपद्रवी वस्तू शत्रूसारखी दिसू लागते. वस्तू कालही तिथेच होत्या. बदलली ती पाहण्याची रीत.

आपल्याकडेही हे घडते. २६ जानेवारी २०१६ रोजी राजस्थानच्या सीमेवर हवाई दलाच्या सुखोई विमानाने एक फुगा पाडला. प्रजासत्ताक दिन होता, सीमा होती, सावध राहणे रास्तच होते. पण मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या पीर पाव जेट्टीवर एक कबूतर पकडले गेले. पायात कड्या, पंखांवर चिनीसारखी अक्षरे. हेर असल्याच्या संशयावरून ते परळच्या जनावरांच्या रुग्णालयात आठ महिने राहिले. शेवटी कळले की, ते तैवानमधले शर्यतीचे कबूतर. ३० जानेवारी २०२४ ला ते सोडले. बातमी वाचून लोक हसले. मी हसले नाही. ज्यांच्या घरातली माणसे केवळ संशयावरून आत गेली आणि वर्षांनी निर्दोष सुटून आली, त्यांना या आठ महिन्यांचा अर्थ वेगळा कळतो. कबुतराच्या मागे निदान त्याचे शेजारी कुजबुजत नाहीत.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दोन गोष्टी थोड्याच अंतरावर येतात. सहाव्या आयतीत बातमी आली की आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल. बाराव्या आयतीत अतिसंशयापासून दूर राहण्याची आणि दुसऱ्याच्या पाळतीवर न राहण्याची. त्या पाळतीसाठी आलेला शब्द हाच, तजस्सुस. याचा अर्थ राज्याने डोळे मिटून बसावे असा नाही. खंदकाच्या लढाईत पैगंबरांनी (स.) हजरत हुजैफा (रजि.) यांना शत्रूच्या छावणीतून खबर आणायला पाठवले होते, पण तिथे कुणाची कुरापत न काढण्याची सूचनाही दिली होती. डोळे उघडे ठेवावेत आणि हात आवरावा, एवढाच तो धडा.

या सगळ्यात खऱ्या हवामानाच्या फुग्याची बदनामी झाली, याचे मला वाईट वाटते. रोज जगभरातून, आपल्या मुंबई-नागपुरातूनही, असे फुगे आकाशात जातात. त्यांच्यावरच उद्याच्या पावसाचा अंदाज उभा असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगे हैदराबादहून उडतात. त्यांची उपकरणे कधी महाराष्ट्रातल्या शेतातही उतरू शकतात. म्हणून संस्था आधीच सूचना काढते: पेटी दिसली तर घाबरू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा. मला ही सूचना आवडते. आपण कोण आहोत, काय सोडले आहे, हे त्यांनी आधीच सांगितलेले असते. संशय कमी करण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

ती मुलगी आता दहावी ओलांडून पुढे गेली आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या वर्गांना देते. फुगा तजस्सुसचा की जासूसीचा, हे त्याच्याकडे नुसते पाहून कळत नाही. तो कोणी सोडला, का सोडला आणि त्याने खरे सांगितले का, हे विचारावे लागते. आणि विचारून होईपर्यंत, खाली घरे असतील तर, थोडे थांबावे लागते.