माणा घाटाची वाट: 1624 मधली एक फसलेली घाई

आपल्यापैकी बरेच जण बद्रिनाथला जाऊन आलेत. तिथून तीनेक किलोमीटरवर माणा गाव. टपरीवर चहा घ्यायचा, पाटीपाशी फोटो काढायचा आणि मागे फिरायचं. आज आपण पाहणार आहोत ती हकिकत तिथून पुढची आहे.

अंतोनियो द अंद्रादे हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री. 1600 साली गोव्यात आला, पुढे आग्र्याच्या मिशनचा प्रमुख झाला. हिमालयापलीकडे ख्रिस्ती लोक राहतात अशी वदंता होती, तिचा छडा त्याला लावायचा होता. मार्च 1624 मध्ये तो आग्र्याहून निघाला. दिल्लीत कळलं की यात्रेकरूंचा एक जथा बद्रिनाथला चाललाय. झालं! सोबती मान्युएल मार्किस आणि दोन नोकर घेऊन, वेश बदलून, तो त्या जथ्यात सामील झाला. तयारी म्हणाल तर एवढीच.

गढवालच्या श्रीनगरात (काश्मीरचं नव्हे) चौकशी झाली. भाऊ तिबेटात आहे, त्याला भेटायला चाललोय, असं त्याने सांगितलं. सामानात काळे झगे निघाले, तर म्हणे भाऊ वारला असेल तर सुतकाला हवेत!

खरी अडचण माण्यात आली. समोर साडेपाच हजार मीटरहून उंच घाट आणि बर्फ अजून उतरलेलं नाही. माण्याचे लोक दर उन्हाळ्यात पलीकडे जात. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्याच्या थैल्या लादायच्या, येताना मीठ आणि लोकर आणायची. कधी निघायचं ते बर्फ ठरवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंद्रादेला मात्र राजाची माणसं अडवतील अशी धास्ती. मार्किसला मागे ठेवून, दोन्ही नोकर आणि एक वाटाड्या घेऊन तो निसटला.

मग काय झालं? पाय बधिर झाले, बोटाचा तुकडा गेला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. बर्फाच्या चकाकीने डोळे गेल्यासारखे झाले. घाटमाथ्यावरून पलीकडे बघावं तर सगळं पांढरं, वाट कुठे ते दिसेना. परतावंच लागलं. नोकरही मरता मरता वाचले. आमच्या मते या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा परतण्याचाच.

मग बर्फ वितळेपर्यंत सगळे थांबले. माणावाले थांबत होते तसेच. आणि ऑगस्टमध्ये सतलजच्या वरच्या खोऱ्यात, गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापरांगला पोहोचले. तिथे ख्रिस्ती नव्हते, बौद्ध होते. राजाने मात्र स्वागत केलं. नोव्हेंबरात अंद्रादे आग्र्याला परत!

त्याचं पत्र 1626 मध्ये लिस्बनला छापलं गेलं, शीर्षकात 'नवा शोध' असे शब्द घालून. आता, ज्या वाटेवर माण्याच्या शेळ्या दरवर्षी मीठ वाहत होत्या, तिचा हा शोध! ती ये-जा पुढेही तीन शतकांहून अधिक काळ चालू राहिली. थांबली ती 1962 च्या युद्धाने.