होळीनंतर तेलाची बाटली



होळी जवळ आली की आपल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात एकाच दिवसात दोन ऋतू असतात. पहाटे पाण्याला जाताना अंगावर शाल लागते आणि अकरा वाजता वालाच्या शेतात पाठ भाजते. अंगाच्या तक्रारीही मग दोन्ही ऋतूंच्या एकदम. टाचांच्या भेगा अजून भरलेल्या नसतात, तोवर मानेला, काखेत, परकराच्या नाडीखाली खाज सुटते. परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "थंडीभर अंगाला तेल लावलं. आता लावू की बंद करू?" उत्तर सांगतेच, पण हा प्रश्न फार जुना आहे. आधी त्याची गोष्ट ऐका.

वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा वैद्यकाचा ग्रंथ साधारण तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला डॉक्टर गणेश कृष्ण गर्दे यांनी तो मराठीत आणला आणि 'सार्थ वाग्भट' म्हणून तो घराघरांत गेला. त्यातला तिसरा अध्याय ऋतूंप्रमाणे कसं वागावं याचा. थंडीत अंगाला आणि डोक्याला तेल चोळा, असं तो सांगतो. मात्र ते तेल तुरट चूर्णाने काढून मग अंघोळ करा, असंही सांगतो. वसंतात तेलाचा भर कमी होतो आणि चूर्ण अंगाला चोळण्यावर येतो. थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होतो, तो कमी करायचा, हे त्यामागचं त्यांचं गणित. आजचा डॉक्टर ते वेगळ्या शब्दांत सांगेल. थंडीची हवा कोरडी असते, ती कातडीतला ओलावा ओढून घेते, म्हणून वरून तेलाचा थर हवा. ऊन वाढलं की घाम येतो. मग तोच थर धूळ धरतो, घामाची छिद्रं बुजवतो आणि घामोळं उठतं.

मला त्या अध्यायातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट शेवटी सापडली. जाणाऱ्या ऋतूचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे सात दिवस, या चौदा दिवसांना तो ऋतुसंधी म्हणतो. या दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. एका दिवसात काही बदलायचं नाही. ग्रंथात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण ते कोकणाला पुरतं लागू पडत नाही. माथेरानवर फाल्गुनात गारवा असला तरी खाली नेरळ-कर्जतला उन्हाळा येऊन बसलेला असतो. आपले चौदा दिवस होळीच्या आजूबाजूचे धरावेत, असं माझं मत.

तिथी पाहिल्या तर त्याही हेच सांगतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला. कोणत्या दिवशी काय करावं याचा तो मोठा ग्रंथ. वर्षात तीन दिवशी तेल लावून स्नान केलंच पाहिजे, असं जुनं वचन त्यात येतं. एक चैत्रातला पाडवा. दुसरा दिवाळीतला बलिप्रतिपदेचा पाडवा. आणि तिसरा वसंताचा पहिला दिवस, म्हणजे फाल्गुन वद्य प्रतिपदा. मैत्रिणींनो, ही आपली धुळवड! थंडीच्या तोंडाशी एक तेलाचं स्नान आणि थंडी सरताना दोन. दिवाळीतलं आपण पाळतो, कारण उटण्याच्या पुड्या दुकानात येतात. धुळवडीचं मात्र बहुतेकींच्या लक्षातही नाही. रंग निघावा म्हणून आधी हातापायांना खोबरेल लावतो, तेवढीच काय ती आठवण उरली आहे.

आता मला जरा थांबून एक विचारू द्या. हे ग्रंथ कोणाच्या घरची अंघोळ सांगतात? ज्यांच्या घरी तेल आहे, तापवलेलं पाणी आहे आणि अर्धा तास मोकळा आहे त्यांच्या घरची. आपल्या दोन तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी बायांनी पिढ्यान् पिढ्या अंगाला काय लावलं, ते या ग्रंथांत नाही. ते शोधायचं तर जंगलात जावं लागतं.

मोहाची फुलं वेचायची चैत्राच्या आसपास. फळं त्यानंतर, पावसाच्या तोंडावर. त्या फळातल्या बियांचं तेल. ते खाण्यात यायचं, दिव्यात जळायचं, अंगालाही लागायचं. थंडीत ते बाटलीत थिजतं, तळहातावर चोळलं की पातळ होतं. करंजाचं तेल कडू, ते पोटात नाही घ्यायचं, ते खरजेला. रातांब्याच्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेला चरबट थर काढायचा आणि मुठीत वळून गोळा करायचा. म्हणून त्याचं नाव मुठेल. हा गोळा विस्तवापाशी जरा धरून भेगांत भरायचा. आणि केसांना शिकेकाई.

हे सगळं फुकट मिळत होतं, असं म्हणवत नाही. वेचायला पाठ मोडते. पण जंगलात जायला बंदी नव्हती. ती पुढे आली. १८७८ च्या वनकायद्यापासून राखीव जंगलं वाढत गेली. खैराचा कात करणारे म्हणून ज्यांचं नाव कातकरी पडलं, त्यांनी खैर तोडणं गुन्हा ठरला. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाच्या फुलांवर वेगळा कायदा केला, तो ठाणे आणि आपल्या कुलाबा जिल्ह्यासाठी. आपला जिल्हा रायगड झाला १९८१ मध्ये, त्याआधी तो कुलाबाच. मोहाची दारू घरी गाळली की सरकारचा दारूवरचा कर बुडतो, म्हणून परवान्याशिवाय फुलं गोळा करायची नाहीत, साठवायची नाहीत. कायदा फुलांचा होता आणि तेल बियांचं. पण ज्या झाडाखाली टोपली घेऊन उभं राहायची भीती वाटते, त्या झाडाशी बाईचं नातं कसं राहील? पुढे कात गेला आणि वीटभट्टी आली. दिवाळीनंतर घर सोडायचं ते पावसाच्या आधी परतायचं. शिशिर काय आणि वसंत काय, दोन्ही भट्टीच्या धगीत आणि मातीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज वेचण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क कागदावर परत दिला. आपल्या गटांपैकी कितींनी तो वापरला, ते तुम्हीच सांगा.

तोवर शहरातून वेगळ्या वस्तू निघाल्या होत्या. आपल्याकडे आगगाडी १८५६ मध्येच आली, खोपोलीपर्यंत. १९१८ मध्ये गोदरेजने प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलाचा साबण काढला. पुढच्याच वर्षी मुंबईत पाटणवालांनी अफगाण स्नो काढला. हा स्नो म्हणजे तोंडावर चोळला की दिसेनासा होणारा, न चिकटणारा लेप. थंडीला तेलकट कोल्ड क्रीम आणि उन्हाळ्याला स्नो, अशी ती जोडी. म्हणजे जुनी ऋतूंची विभागणी डबीतही आलीच होती की! कोल्ड क्रीमची कृती तर गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्याच्या नावावर सांगतात. मेण, ऑलिव्हचं तेल आणि पाणी, अठराशे वर्षांपूर्वी.

घोळ पुढे झाला. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि प्रश्नच बदलला. अंग कोरडं की घामट, हे कोणी विचारेना. रंग कोणता, एवढंच. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढला, पण आपल्या लग्नाच्या बोलण्यांतून तो अजून गेलेला नाही. गोरं करणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या काही डब्यांत पारा सापडतो, तो मूत्रपिंडं बिघडवतो. दुसरं, होळीनंतरच्या खाजेला दुकानातून ट्यूब आणतात. ती खाज पुष्कळदा गजकर्णाची असते. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असलं तर चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानदार आजही देतो, आणि आपणही मागतो.

तर ताई, तुमचं उत्तर. एकदम बंद करू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात रोजचं तेल दिवसाआड करा. लावाल ते अंघोळीच्या आधी, आणि बेसनाने किंवा मसुराच्या पिठाने काढून टाका. अंघोळीनंतर अंगावर तेल नको. टाचांना मात्र रात्री चालू ठेवा, भेगा भरेपर्यंत. गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा दिसला तर त्यावर तेलही नको आणि ट्यूबही नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. घरात आणखी कोणाला असेल तर त्यालाही न्या, नाहीतर एकाचं दुसऱ्याला लागत राहतं.

आणि एक काम. मोहाच्या बियांना आणि त्या तेलाला तुमच्या पाड्यावर काय म्हणतात, ते घाण्यावर काढत की घरी, हे घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा आणि गटाच्या वहीत लिहून आणा. यंदा मोह फुलायला लागलाय.